एक ‘लाइन’ आणि अनेक ओळी

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या निमित्ताने होणाऱ्या व्याख्यानात एखादा थोर ग्रंथकार किंवा एखादा वाङ्मयप्रकार यांचे विवेचन व्हावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज तीन अक्षरांचा एक इंग्रजी शब्द विवेचनासाठी घेतला आहे. तो शब्द म्हणजे ‘लाइन’. मराठी ग्रंथालयाच्या व्यासपीठावर इंग्रजी शब्दाचे कौतुक कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो अनाठायी नाही. परंतु हा शब्द आता परका राहिलेला नाही. ज्याला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही तोही दिवसातून दहा वेळा तो उच्चारतो. हुबळी-धारवाडसारख्या गावात मराठीचे, कन्नडचे आणि इंग्रजीचे परस्परांशी कोणत्या प्रकारचे नाते आहे, हे पाहायला याहून सोयीचा शब्द मला दुसरा आढळला नाही.

प्रथम त्याचे व्यवहारातील अर्थ पाहू. स्टेशनात गाडी कोणत्या लाइनीवर येणार, असे आपण विचारतो. तिकिटाच्या खिडकीपुढे लाइन लागलेली असते. घरातील दिवे गेले की लाइन गेली, असे म्हणतो आणि लाइनमनची वाट पाहतो. दूरध्वनीवर बोलणे मध्येच तुटले की लाइन कट झाली. मुलगा वैद्यकीय शिक्षणाला गेला, म्हणजे त्याने ती लाइन धरली. उनाड मुलगा सुधारला, म्हणजे लाइनीवर आला. कवितेच्या दोन लाइनी पाठ असतात. वहीवर लाइनी आखलेल्या असतात. पोलिसांची वस्ती ती पोलीस लाइन. महाविद्यालयाच्या आवारात तरुण मंडळी ‘लाइन मारणे’ असा जो एक प्रयोग करतात, त्याचा अर्थ या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही. आणि अलीकडे, विशेषतः २०२० सालच्या महामारीनंतर, शिक्षणापासून श्राद्धाच्या दक्षिणेपर्यंत सर्व काही ‘ऑनलाइन’ झाले आहे. यातील एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. भ्रमणध्वनीला हाताने धरता येईल अशी कोणतीही तार जोडलेली नसते. तरीही त्याची लाइन कट होतेच. वस्तू गेली, पण शब्द मागे राहिला.

एका शब्दाला इतके अर्थ आले कोठून? याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘लिनम’ म्हणजे जवसाच्या जातीचे, ज्याच्या खोडापासून धागा काढतात ते रोप. त्या धाग्याला ‘लिनिआ’ म्हणत. ‘लिनन’ हे कापड त्याच धाग्याचे, आणि शिंपी ज्याला ‘लायनिंग’ म्हणतो ते अस्तरही मुळात याच कापडाचे. म्हणजे लाइन हा आरंभी एक ताणलेला दोरा होता. दोरा ताणला की सरळ रेघ मिळते. रेघेवर अक्षरे बसतात, माणसे उभी राहतात, भिंत उठते, रस्ता निघतो. पुढचे सर्व अर्थ या एका दोऱ्यातून निघाले.

आपल्याकडेही नेमके असेच घडले आहे. ‘सूत्र’ म्हणजे दोरा. पाणिनीने व्याकरण सांगितले ते सूत्रांत. नाटक चालवितो तो सूत्रधार. लाकडावर दोरी धरून काम करणाऱ्या ‘सुतार’ या शब्दाच्या पोटातही हेच सूत आहे. ‘तार’ या शब्दाचा विस्तार तर त्याहून रंजक आहे. सतारीची तार, कुंपणाची तार, विद्युत्प्रवाहाची तार. टेलिग्राफ आला तेव्हा मराठी माणसाने नवा शब्द शोधला नाही. खांबावरची तार तीच घरी येणारी तार झाली. २०१३ सालच्या जुलै महिन्यात सरकारने ती सेवा बंद केली, तरी ‘तार आली’ या दोन शब्दांनी घराघरात उडणारा थरकाप आपल्या पिढीच्या स्मरणात आहे. तेव्हा एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा काही दोष नव्हे. ते भाषा जिवंत असल्याचे लक्षण आहे.

आता हा शब्द आपल्या भागात कसा रुजला ते पाहू. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. आपल्या प्रदेशात रूळ आले ते त्यानंतर सुमारे तीन दशकांनी. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय धारवाडला होते आणि कारखाना हुबळीला. १९१७ साली सुरू झालेले कर्नाटक कॉलेज पुढे ज्या इमारतीत नांदले, ती इमारत मुळात या रेल्वेचीच. १९०८ साली ही कंपनी मद्रासच्या रेल्वेशी जोडली गेली आणि तिचे केंद्र मद्रासला गेले. परंतु हुबळीच्या कारखान्याने या गावाला जी भाषा दिली ती येथेच राहिली. कन्नड, मराठी, तेलुगू, तमिळ, उर्दू बोलणारे कामगार एका छपराखाली काम करीत होते. त्यांना समान असा शब्दसंग्रह हवा होता आणि तो यंत्राबरोबरच आला. आज दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय हुबळीत आहे, आणि १२ मार्च २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण झालेला येथील फलाट १५०७ मीटर, म्हणजे दीड किलोमीटर लांब असून जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याची नोंद झाली आहे.

रेल्वेच्या भाषेतून आपल्या बोलण्यात आलेला एक प्रयोग पाहा: ‘लाइन क्लिअर’. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनला विचारून घेत असे. तेथून होकार आल्यावरच यंत्रातून टोकन सुटे. ते वेताच्या किंवा लोखंडी कड्यात अडकवून चालकाच्या हाती दिले जाई. ते हातात पडल्याखेरीज गाडी पुढे काढण्याची मुभा नसे. ही पद्धती ज्यांनी पाहिली त्यांनी हा शब्द घरी आणला. मुलीच्या बाजूने होकार आला की लाइन क्लिअर, साहेबांची सही झाली की लाइन क्लिअर. ‘अडथळा दूर झाला’ या शब्दांत हा अर्थ पुरता येत नाही. पुढच्याने विचारपूर्वक वाट मोकळी करून दिली आहे, ही छटा त्यात राहते. असा शब्द उसना घेतला तर भाषा श्रीमंतच होते.

वस्तीच्या नावांतील ‘लाइन’ या शब्दाची कथा निराळी आहे. सैन्याच्या किंवा पोलिसांच्या ओळीने बांधलेल्या निवासांना इंग्रज ‘लाइन्स’ म्हणत. मुंबईचे मरीन लाइन्स, नागपूरचे सिव्हिल लाइन्स, पनवेलची लाइन आळी ही नावे मराठी मुलखात रुळली. आपल्या धारवाडचा लाइन बझार तर पेढ्यामुळे दूरवर माहीत झाला. उत्तर प्रदेशातील उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने येथे पेढा सुरू केला आणि त्याला लोक लाइन बझारचा पेढा म्हणू लागले. दुकानापुढे गिऱ्हाइकांची लाइन लागते म्हणून तो लाइन बझार, अशी समजूत परगावच्या पाहुण्याने करून घेतली तर त्याला हसू नये. शब्दाचे दोन अर्थ एका पायरीवर उभे राहिले की असे व्हायचेच.

या शब्दाच्या बाजूने आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्याकडे ‘पंगत’ होती. पंगतीत कोणी कोठे बसायचे हे जातीने, मानाने आणि वयाने ठरत असे. ज्याला पंगतीत घ्यायचे नाही तो पंक्तिबाह्य. पंगतीत बसूनही ज्याच्या पानावर कमी पडे त्याच्या वाट्याला पंक्तिप्रपंच. तिकिटाच्या खिडकीपुढची लाइन याहून वेगळी होती. जो आधी आला तो पुढे, हा एकच नियम. व्यवहारात तो नियम पुष्कळदा मोडला गेला हे खरे. परंतु नियम म्हणून तो सर्वांना सारखा होता. इंग्रजी शब्दाबरोबर एक नवी सामाजिक शिस्त आली, हे मराठीच्या अभिमान्याने मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर ‘पंगत’ हा शब्द टिकला पाहिजे, कारण आपण काय सोडून आलो याची साक्ष त्या शब्दात आहे.

उसना शब्द भाषेने आपला केला की नाही, हे व्याकरणावरून कळते. मराठीने ‘लाइन’ला स्त्रीलिंग दिले, कारण ओळ, रांग, रेघ, रेषा, पंगत या तिच्या सगळ्या बहिणी स्त्रीलिंगी. मग ‘लाइनी’ हे अनेकवचन झाले, ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’ अशी रूपे झाली. कन्नडने व्यंजनान्त शब्दाला उकार जोडण्याच्या आपल्या रीतीप्रमाणे त्याचा ‘लैनु’ केला आणि त्याला नपुंसकलिंग दिले. एकाच गावातील एकाच खांबावरची तार मराठी घरात ‘ती’ आणि कन्नड घरात ‘अदु’, म्हणजे ‘ते’. गवंड्यांनी तर याहून पुढची मजल मारली. भिंत सरळ यावी म्हणून ते जी दोरी ताणतात तिला ‘लाइनदोरी’ म्हणतात, आणि चांगले बांधकाम ‘लाइन-ओळंब्यात’ असते. लाइन म्हणजे मुळात दोराच, हे त्या गवंड्याला कोणी सांगितलेले नसते. तरीही त्याने त्या शब्दाच्या हाती पुन्हा दोरी दिली.

येथवर मी या शब्दाची कड घेतली. आता दुसरी बाजू मांडतो, आणि माझ्या मते तीच आज अधिक चिंतेची आहे.

इंग्रजीत ‘लाइन’ला अनेक अर्थ आहेत, पण ती एकटी नाही. शेजारी ‘रो’ आहे, ‘रँक’ आहे, ‘फरो’ आहे, ‘स्ट्रोक’ आहे, ‘थ्रेड’ आहे. इंग्लंडातील माणूस दुकानापुढे उभा राहतो तो ‘क्यू’मध्ये. हा शब्द त्याने फ्रेंचांकडून घेतला आणि त्याचा मूळ अर्थ शेपूट. अमेरिकेतील माणूस त्यालाच ‘लाइन’ म्हणतो. म्हणजे इंग्रजीने उसनवारी आपल्याहून कमी केलेली नाही. परंतु नवा शब्द आल्यावर तिने जुन्या शब्दांना घराबाहेर काढले नाही. आपल्याकडे ‘लाइन’ एकटी आली आणि सगळ्या बहिणींची कामे करू लागली. बहिणी निरुद्योगी झाल्या.

त्या बहिणी कोण, हे एकवार मोजून पाहू. अक्षरांची ती ओळ. माणसांची ती रांग. माणसे येतच राहिली, खंड पडेना, तर ती रीघ. जेवणाऱ्यांची ती पंगत. झाडांची, दिव्यांची ती हार. कागदावर ओढलेली ती रेघ, आणि शास्त्रात किंवा तळहातावर असते ती रेषा. उसाच्या शेतात असते ती सरी. नांगराने पडते ते तास. यांतील प्रत्येक शब्द आपल्याबरोबर एक चित्र घेऊन येतो. ‘दर्शनाला लाइन होती’ म्हटले तर इतकेच कळते की थांबावे लागले. ‘दर्शनाला रीघ लागली होती’ म्हटले की सकाळपासून रात्रीपर्यंत वाहणारा लोकांचा ओघ दिसू लागतो. पहिले वाक्य चुकीचे नाही. पण त्यातून जे गळून गेले, ते गळून गेल्याचेही पुढे कोणाच्या ध्यानात येणार नाही.

हा भेद केवळ अलंकारासाठी आहे असे मानू नये. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज किती उष्मांक मिळतात यावरून गरिबीची मर्यादा आखण्याचा विचार त्यातून सर्वत्र चर्चिला गेला. ती मर्यादा मराठीत ‘दारिद्र्यरेषा’ झाली. ‘दारिद्र्याची ओळ’ किंवा ‘गरिबीची रांग’ असे कोणी म्हटले नाही. रेषा आखली जाते, तिच्या वर आणि खाली अशा दोन बाजू होतात, हे भाषेला ठाऊक होते. ज्याच्यापाशी सहा शब्द होते, त्यालाच योग्य तो एक निवडता आला. ज्याच्यापाशी एकच शब्द आहे, त्याला निवड कसली?

‘डेडलाइन’ हा शब्द पाहा. आज वृत्तपत्रापासून विद्यापीठापर्यंत तो सर्रास चालतो. त्याचा उगम अमेरिकेच्या यादवी युद्धातील बंदिवासात आहे. १८६४ साली अँडरसनव्हिलच्या छावणीत कुंपणाच्या आत एक मर्यादा आखलेली होती आणि ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडीत. मराठीत यासाठी ‘मुदत’ हा शब्द आहे. तोही उसनाच, फारसीतून आलेला. पण त्याचा स्वभाव निराळा. मुदत दिली जाते, वाढवून मिळते, संपत आली की आठवण करून दिली जाते. डेडलाइन धाक घालते. दोन्ही शब्द वापरावेत, हरकत नाही. मात्र आपण धाक घालत आहोत की अवधी देत आहोत, हे बोलणाऱ्याने जाणावे.

आता मी ज्या शब्दासाठी हे सारे विवेचन केले तो शब्द सांगतो. तो आपल्याच गावात, आपल्या दारात पडलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘पाळी’. मराठीत पाळी म्हणजे वेळ येणे, क्रम येणे. आता तुझी पाळी. कारखान्यातील दिवसपाळी, रात्रपाळी. कानाची पाळी म्हणजे कानाची कड. आपल्याकडच्या कन्नडात मात्र रांगेलाच ‘पाळि’ म्हणतात. रॉकेलच्या दुकानापुढे, बँकेच्या खिडकीपुढे ‘पाळि’ असते. मराठीत पाळी येते आणि धारवाडी कन्नडात पाळि लागते. रांग लागली म्हणूनच पाळी येते, हा त्या दोन अर्थांतील धागा कोणालाही दिसेल. संस्कृतात ‘पालि’ म्हणजे ओळ, कड, बांध. इतकेच नव्हे, बौद्ध धर्मग्रंथांच्या पाली भाषेचे नावही याच अर्थावरून पडले, असे विद्वान मानतात. बुद्धवचनाची मूळ ओळ ती पालि आणि तिच्यावरील भाष्य ते अट्ठकथा.

म्हणजे ज्या अर्थासाठी आपण ‘लाइन’ म्हणतो, तोच अर्थ देणारा, दोन हजार वर्षांहून अधिक जुना, मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांना सामाईक असा शब्द आपल्या बाजारपेठेत रोज ऐकू येतो. पुण्याच्या मराठी माणसाला तो या अर्थाने ठाऊक नाही. बंगळूरच्या कन्नडिगाला तो सहज कळेलच असे नाही. तो आपला आहे. आपण येथील मराठी माणसे आपल्या बोलीला कानडी वळण आहे म्हणून संकोचतो आणि शुद्ध बोलण्याच्या हव्यासाने ‘पाळी’ टाकून ‘लाइन’ म्हणतो. यात शुद्धी कोणती साधली?

शुद्धीचा प्रश्न मराठीला नवा नाही. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे त्यांचे शब्द आज सरकारी कागदात स्थिर झाले आहेत. माधवराव पटवर्धन यांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. या प्रयत्नांविषयी मला आदर आहे. परंतु माझा मुद्दा बाहेरच्या शब्दाला घालवून देण्याचा नाही. ‘लाइन’ राहू द्या. मात्र तिच्या बहिणींना रोज एखादे काम द्या. शब्द अशुद्ध झाल्याने मरत नाही. वापरला न गेल्याने मरतो.

हे कसे करावे याचे उदाहरण दूर शोधायला नको. जी. ए. कुलकर्णी धारवाडात राहिले आणि महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत राहिले. त्यांचा दिवस इंग्रजीत जात होता आणि भोवती कन्नड होते. अशा माणसाने ‘निळासावळा’, ‘रक्तचंदन’, ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’ ही नावे आपल्या संग्रहांना दिली. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची कादंबरीत्रयी त्यांनी मराठीत आणली, तेव्हा झाडांच्या कादंबरीला ‘रान’, शेतांच्या कादंबरीला ‘शिवार’ आणि नगराच्या कादंबरीला ‘गाव’ असे नाव दिले. ‘शेते’ हा शब्द त्यांच्या हाताशी होता. त्यांनी ‘शिवार’ उचलला. एका गावाची सारी जमीन, बांध आणि वाट त्या एका शब्दात आहे. दुसरे नाव द. रा. बेंद्रे यांचे. धारवाडला १८९६ साली मराठी घरात जन्मलेला हा मनुष्य कन्नडचा महाकवी झाला आणि मराठीतही लिहीत राहिला. १९७३ सालचे ज्ञानपीठ त्यांना ज्या संग्रहासाठी मिळाले त्याचे नाव ‘नाकु तंति’, म्हणजे चार तारा. दोन भाषांत वावरल्याने त्यांची कोणतीच भाषा दरिद्री झाली नाही.

शेवटी एका वेगळ्या रेषेविषयी थोडे बोलतो. एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यात शाळेची आणि कचेरीची भाषा बव्हंशी मराठी होती, आणि कन्नडच्या उत्कर्षासाठी रा. ह. देशपांडे यांना १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन करावा लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नकाशावर नवी रेषा आली, धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला, आणि मराठी ही येथे घरातील भाषा झाली. राज्यांच्या सीमांविषयी येथे वाद मांडण्याचा माझा हेतू नाही. एवढेच सांगावयाचे आहे की कचेरीचा आधार नसताना भाषा कशी टिकते, हा प्रश्न आधी आपल्या कन्नड शेजाऱ्यांपुढे होता, मग आपल्यापुढे आला. त्यांनी त्याचे उत्तर संस्था उभारून आणि वाचक घडवून दिले. आपल्यालाही दुसरे उत्तर उपलब्ध नाही.

आज येथील मराठी घरांतील मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना घरात मराठी ऐकू येते, पण मराठीची ओळ वाचायला मिळत नाही. जो शब्द फक्त ऐकला जातो त्याच्या जागी सोपा शब्द पटकन येऊन बसतो. जो वाचलाही जातो तो तग धरतो. म्हणून या वाचनालयाकडे माझी एक मागणी आहे. शताब्दीच्या निमित्ताने वाचनकक्षातील टेबलावर एक जाड वही ठेवावी. ज्येष्ठ सभासदांनी, विशेषतः घरातील आजी-मावश्यांना विचारून, येथील मराठीत चालणारे आणि बाहेर न ऐकू येणारे शब्द अर्थासह तिच्यात लिहावेत. कन्नड शेजाऱ्यांनीही लिहावेत. पहिला शब्द ‘पाळी’ असावा. वर्षाच्या अखेरीस त्या वहीची एक लहानशी पुस्तिका व्हावी आणि ती प्रत्येक नव्या बालसभासदाला वर्गणीच्या पावतीबरोबर द्यावी. यासाठी सरकारी अनुदान लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि शंभर वर्षे दार उघडे ठेवणाऱ्या संस्थेला तिचे महत्त्व मी सांगावे असे नाही.